कृषी केंद्राचा डेटा वारंवार उडतोय? नवी डिस्क घेण्याआधी इन्व्हर्टरचं बटण पाहा

"भाऊ, टॅली उघडून नाही राहिली."

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याकडच्या एका कृषी केंद्रातून हा फोन मला चौदा महिन्यांत तीनदा आला. पहिल्यांदा टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा करप्ट झाला होता. दुसऱ्यांदा, ऐन मे महिन्यात, हार्ड डिस्कच गेली. मग मी दोन डिस्कचं मिरर बसवून दिलं आणि दुकानाच्या दादांना सांगितलं, आता एक डिस्क गेली तरी दुसरीवर सगळं शाबूत राहील. चार महिन्यांनी तिसरा फोन आला. दोन्ही डिस्क धडधाकट होत्या आणि दोन्हींवर तोच मोडका डेटा होता.

रोग एक आणि औषध दुसरंच, असं माझं चाललं होतं. घाटंजी, राळेगाव, मारेगावकडच्या दुकानांतून आणि एका कापूस जिनिंगच्या ऑफिसातून अशीच तक्रार येते, म्हणून शोधताना काय सापडलं आणि शेवटी काय बसवलं ते लिहितो.

आधी हे सांगितलं पाहिजे की आपल्याकडे डेटा जाणं म्हणजे नेमकं काय जाणं. मृगाच्या आगेमागे कास्तकार बियाणं, डीएपी, फवारणीचं औषध उधारीवर नेतो. पैसे येतात कापूस विकल्यावर, दिवाळीनंतर. मधले पाच-सहा महिने तो सगळा व्यवहार दुकानदाराच्या कॉम्प्युटरमध्ये असतो. अनुदानित खताची विक्री पॉस मशीनवरून सरकारी सर्व्हरवर नोंदली जाते, त्यामुळे काही दुकानदारांना वाटतं की आपलं सगळंच वर सुरक्षित आहे. तिथे खताची पोती दिसतात. कोणाकडे किती बाकी आहे, हे तिथे नसतं.

दुसऱ्या वेळी दादा आणि त्यांची मुलगी अकरा रात्री बसले होते. ती बिलबुकाच्या कार्बन प्रती वाचायची, ते टाइप करायचे. एका बिलबुकाची शाई पुसट झाली होती, नावं लागत होती पण आकडे लागत नव्हते. गावातले एक म्हातारे कास्तकार स्वतः दुकानात आले आणि म्हणाले, "माझे साडेसात हजार आहेत जी, लिहून घ्या." मी तिथेच होतो. असा माणूस असतो गावात. पण त्याच्या भरवशावर दुकानाचा हिशेब ठेवणं त्याच्यावरही अन्याय आहे.

पहिली तपासणी : कॉम्प्युटर किती वेळा अचानक मेला?

डिस्कला हात लावण्याआधी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा. त्यात विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टीम. उजव्या बाजूच्या फिल्टरमध्ये ४१ हा आकडा टाका. कर्नल-पॉवर ४१ ही नोंद म्हणजे कॉम्प्युटर नीट शटडाउन न होता पुन्हा चालू झाला. ६००८ ही नोंदही तेच सांगते. मग ५५ पाहा : फाइल सिस्टीमची रचना बिघडल्याची ती तक्रार. आणि ७ किंवा १५३ दिसली तर डिस्क, तिची केबल किंवा कंट्रोलर यांच्याकडे बोट आहे.

त्या दुकानात तीन महिन्यांत ४१ ची नोंद ६३ वेळा होती. ७ एकदाही नव्हती. म्हणजे डिस्क वाचायला-लिहायला कुरकुरत नव्हती, तिच्या अंगावरून वीज मध्येच काढून घेतली जात होती. वेळा कागदावर उतरवल्या तर बऱ्याचशा सकाळी आणि संध्याकाळी ठराविक तासांना येत होत्या. दादांना विचारलं तर म्हणाले, "लाईट गेली की कॉम्प्युटर आपोआप बंद-चालू होते. जुनं झालं ना ते." दुकानात इन्व्हर्टर होता, मोठी ट्यूब्युलर बॅटरी होती, ट्यूबलाइट जरा मिचकावून चालू राहायची. म्हणून कोणालाच संशय आला नव्हता.

दोष तिथेच होता. घरगुती इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं सरकबटण असतं. एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. नॉर्मलवर असताना तो साधारण १०० ते २९० व्होल्टपर्यंतची लाईट जशीच्या तशी पुढे सोडतो आणि लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला ४० मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेऊ शकतो. यूपीएसवर व्होल्टेजची मर्यादा आवळली जाते, साधारण १८० ते २६०, आणि बदल १० मिलिसेकंदांच्या आसपास होतो. कॉम्प्युटरचा चांगला पॉवर सप्लाय वीज तुटल्यावर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, स्वस्तातला त्याहून कमी. पंखा आणि ट्यूबलाइट ४० मिलिसेकंदांचा खंड सोसतात, कॉम्प्युटर सोसत नाही. त्याच क्षणी टॅली बिल लिहीत असेल तर फाइल अर्धवट राहते.

मिररचं काय झालं तेही यातून उलगडतं. मिरर म्हणजे एकच गोष्ट दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणं. अर्धवट लिहिलेली फाइल दोन्हींवर अर्धवटच राहते. टॅलीतली कंपनी, म्हणजे दुकानाचा अख्खा हिशेब, चुकून पुसली तर दोन्हींवरून पुसली जाते. व्हायरसने फाइल कुलूपबंद केल्या तर दोन्हींवर केल्या. मिरर एकाच संकटासाठी आहे : एक डिस्क बंद पडली तरी दुकान चालू राहावं.

बटण यूपीएसवर केलं, आणि कॉम्प्युटरसाठी ६०० व्हीएचा वेगळा लाइन-इंटरॅक्टिव्ह (कमी-जास्त व्होल्टेज स्वतः सावरणारा) यूपीएस दिला, यूएसबी पोर्ट असलेला. त्या पोर्टची वायर कॉम्प्युटरला जोडली की बॅटरी उतरायला लागल्यावर विंडोज स्वतः हायबरनेट होतं, म्हणजे चालू काम डिस्कवर जपून बंद होतं. पोर्ट नसलेला यूपीएस थोडा स्वस्त मिळतो. तो घेऊ नका, कारण दुपारी दुकान बंद करून माणूस जेवायला गेला असताना लाईट जाते तेव्हा शटडाउन करायला तिथे कोणी नसतं. तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्याच्यावर चालणारा यूपीएस पुन्हा पुन्हा बॅटरीवर जाऊन टकटक करत बसतो. तिथे प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर लागतो.

पुढच्या दोन महिन्यांत ४१ ची नोंद दोनदाच झाली.

त्या दोन नोंदींचं कारण

त्याला दुकानामागचं अर्थिंग जबाबदार होतं. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजायला लावलं (हे स्वतः करू नका). ते जवळजवळ शून्य, फार तर दोन-तीन व्होल्ट असायला हवं. मीटरवर ३८ दिसले. मागे जाऊन पाहिलं तर अर्थिंगच्या खड्ड्याभोवतीची काळी माती उन्हाने फाटली होती, भेगेत माझा अख्खा पंजा गेला. आपली ही कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. आकसली की अर्थिंगच्या सळईला सोडून देते. सळई जमिनीत आहे, पण जमिनीला लागून नाही. खड्डा नव्याने भरून घेतला आणि मार्च ते जून आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकायला सांगितलं. स्पाइक बस्टर कितीही भारी असला तरी वरचा झटका खाली न्यायला त्याला अर्थिंगच लागतं, आणि जूनच्या पहिल्या विजांच्या वेळी आपल्या जमिनीत पुरेसा ओलावा आलेला नसतो. गडगडाट सुरू झाला की प्लगसोबत इंटरनेटची केबलही काढा. पॉवरची वायर वाचवून नेटवर्कच्या तारेतून बोर्ड जळलेली कॉम्प्युटरं मी पाहिली आहेत.

डिस्कची तब्येत

आता डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका. त्यातले मूळ आकडे सुरुवातीला हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजलेले, दिसतात, त्यामुळे "१०" दिसलं की ते खरं तर सोळा असतं. सेटिंगमध्ये जाऊन दशमान करून घ्या. मग चार ओळी बघा. ०५ म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कचे छोटे कप्पे. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकालाची वाट पाहणारे सेक्टर; हा आकडा शून्याच्या वर गेला तर त्याच दिवशी प्रत काढा, उद्यावर ढकलू नका. सी७ वाढत असेल तर डिस्कला दोष देऊ नका, साटा केबल बदला. आणि ०९ म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली. वर्षाचे तास ८,७६०. "नवीच आहे" म्हणून विकत दिलेल्या एका डिस्कवर मला २७ हजारांवर तास दिसले होते, म्हणजे तीन वर्षं रात्रंदिवस कुठल्यातरी सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये फिरून आलेली.

पण हे आकडे चांगले दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. गूगलने २००७ साली आपल्याकडच्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला होता. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी मुख्य चार धोक्याच्या खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. डिस्क न सांगता जाते. मिररची गरज इथे आहे.

मग काय घ्यायचं?

एक-दोन कॉम्प्युटरच्या दुकानाला दोन डिस्कचं मिरर, म्हणजे रेड १, पुरतं (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायची पद्धत). मी हे ठामपणे सांगतो, कारण नागपूरहून कोटेशन आणणारे दुकानदार माझ्याकडे तीन डिस्कच्या रेड ५ चा कागद घेऊन येतात. रेड ५ मध्ये डेटा आणि त्याची पडताळणी तिन्ही डिस्कवर वाटून लिहिली जाते, आणि लिहिताना मध्येच वीज गेली तर दोन्हींचा मेळ चुकू शकतो. मोठ्या सर्व्हरमध्ये त्यासाठी बॅटरी असलेला कंट्रोलर असतो. आपल्या बजेटमध्ये तो नसतो. जिथे वीजच मुळात दुखणं आहे तिथे हा प्रकार घेऊ नये. रेड ० तर दोन डिस्कला एकत्र बांधून वेग वाढवतो आणि कुठलीही एक गेली की सगळं जातं. हिशेबाच्या कॉम्प्युटरमध्ये तो नकोच.

मिरर कशावर बांधायचं, हा पुढचा प्रश्न. मदरबोर्डचं रेड मी टाळतो. बोर्ड जळला की तशाच जातीचा बोर्ड शोधत फिरावं लागतं, आणि पाच वर्षं जुना बोर्ड यवतमाळलाही पटकन मिळत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये स्टोरेज स्पेसेस आहे, होम आवृत्तीतसुद्धा. त्यात टू-वे मिरर करा. कॉम्प्युटर गेला तर दोन्ही डिस्क दुसऱ्या विंडोज कॉम्प्युटरला लावल्या की डेटा दिसतो. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा : पूल, म्हणजे दोन डिस्कचा गट, बनवताना दोन्ही डिस्क पूर्ण पुसल्या जातात, आणि खुद्द विंडोज त्यावर बसवता येत नाही. म्हणून विंडोजला छोटी वेगळी एसएसडी आणि टॅलीचा डेटा फोल्डर मिररवर, अशी मांडणी करा.

जिनिंगसारख्या ठिकाणी, जिथे काट्यावर एक, खरेदीला एक आणि हिशेबाला एक कॉम्प्युटर असतो, तिथे दोन डिस्कचा नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेला सगळ्यांचा सामायिक डिस्कचा डबा, घेतलेला बरा. त्यालाही यूपीएसची यूएसबी वायर जोडा. स्नॅपशॉट घेणारा नॅस निवडा, म्हणजे कालची, परवाची फाइल परत मिळते. आणि तो काट्याच्या खोलीत ठेवू नका. रुईचे तंतू पंख्यात बसतात, पंखा अडखळतो, आणि बाहेर ४५ अंश असताना आतल्या डिस्क ६० च्या मर्यादेला जाऊन भिडतात. दर महिन्याला ब्लोअर मारा, मशीन बंद करून.

डिस्क घेताना दोन वेगवेगळ्या वेळी, शक्य तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्या. एकाच खोक्यातल्या जुळ्या डिस्क एकाच सुमारास थकू शकतात. दुकानदाराला विचारा की डिस्क सीएमआर आहे की एसएमआर. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे साध्या साठवणीला ती चालते पण मिरर पुन्हा भरताना रेंगाळते. सीएमआरमध्ये ट्रॅक सुटे असतात; मिररला तीच घ्या. दुकानाचा हिशेब काही जीबींतच मावतो, त्यामुळे १ टीबी भरपूर झाली. वाचलेले पैसे यूपीएसवर घाला.

मिरर बसवल्यावर एक सवय लागतेच : आठवड्यातून एकदा स्टोरेज स्पेसेसचं पान उघडून दोन्ही डिस्कपुढे ओके आहे का पाहायचं. एका जिनिंगमध्ये मी दुसऱ्याच कामाला गेलो होतो, सहज पाहिलं तर मिररमधली एक डिस्क केव्हाचीच बंद होती. दिवाणजींना पत्ता नव्हता, कारण काम चालू होतं.

मिररच्या बाहेरची प्रत

पुसलेलं, बिघडलेलं, व्हायरसने बांधलेलं परत आणायला वेगळी प्रतच लागते, आणि ती कॉम्प्युटरला कायम जोडलेली नसावी. दादांच्या दुकानात आम्ही दोन बाहेरच्या यूएसबी डिस्क ठेवल्या, एकीवर लाल टेप, दुसरीवर निळी. एक दुकानाच्या कपाटात, एक घरी. रोज संध्याकाळी टॅली बंद करून कपाटातली डिस्क जोडायची, बॅकअप घ्यायचा, सेफली रिमूव्ह करून काढायची. अदलाबदल आठवडी बाजाराच्या दिवशी. तारीख लक्षात ठेवावी लागत नाही, बाजार कोणी विसरत नाही. दोन्ही डिस्क एकाच वेळी कधीही जोडायच्या नाहीत.

बॅकअप रोज त्याच फाइलवर लिहू नका. तारखेचं फोल्डर करा आणि निदान तीस दिवसांचे जुने ठेवा. बिघाड झाल्यावर तो लक्षात यायला आठ-पंधरा दिवस सहज जातात, आणि तोवर एकुलत्या एका बॅकअपमध्येही बिघडलेलाच डेटा गेलेला असतो.

बाजारात ५०० रुपयांत "२ टीबी" म्हणून मिळणारे पेनड्राइव्ह यासाठी वापरू नका. आत थोडीशी चिप असते आणि वर खोटा आकडा लिहिलेला असतो; भरल्यावर जुन्या फाइल मुकाट्याने मोडत जातात. शंका असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा.

तिसरी प्रत क्लाउडवर. इथे बरेच जण टॅलीचा चालू डेटा फोल्डरच गूगल ड्राइव्हला सिंक लावून ठेवतात. तसं करू नका. उघड्या फाइल अर्धवट वर जातात आणि कधी कधी तिकडची जुनी फाइल इकडे उतरते. टॅली बंद केल्यावर घेतलेला बॅकअप सेव्हन-झिपने पासवर्ड लावून बांधा आणि ती एकच फाइल चढवा. ३०० एमबीची फाइल ४ एमबीपीएसच्या अपलोडवर दहा मिनिटांत जाते. गूगल ड्राइव्हची १५ जीबी मोफत जागा महिनाभराच्या निवडक प्रतींना पुरते. पासवर्ड कागदावर लिहून घरच्या तिजोरीत ठेवा. तो एकट्या दुकानदाराच्या डोक्यात असणं धोक्याचं आहे.

जीएसटीचं बंधनही इथेच येतं. हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात, आणि नियम ५७ सांगतो की नोंदी इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांचा असा बॅकअप हवा की अपघातात त्या नष्ट झाल्या तरी वाजवी वेळेत परत आणता येतील. "डिस्क उडाली साहेब" हे उत्तर तिथे पुरत नाही. म्हणून वर्ष संपलं की त्या वर्षाची एक प्रत वेगळी काढून ठेवा आणि वर्षातून एकदा ती उघडून पाहा.

दर महिन्याला बॅकअप परत आणून बघा. चालू डेटावर कधीही रिस्टोअर करू नका, तो पुसला जाईल. जुन्या लॅपटॉपवर किंवा वेगळ्या फोल्डरमध्ये करा. दादांची मुलगी हे करते. एकूण उधारीचा आकडा लॅपटॉपवर आणि दुकानात पाहते, दोन्ही जुळले की कॅलेंडरवर टिक मारते. जून ते सप्टेंबर ती दर बाजाराला उधारीची यादी छापून फाइलला लावते. कागदाला लाईट लागत नाही.

डिस्क खरंच गेली तर

मिररमधली एक डिस्क लाल दिसू लागली की पहिलं काम बदलणं नाही, बॅकअप घेणं आहे. आता सगळा भार उरलेल्या एका डिस्कवर आहे, आणि नवी डिस्क भरताना तिच्यावर सगळ्यात जास्त ताण येणार आहे. मग कॉम्प्युटर बंद करा, कॅबिनेट उघडा आणि डिस्कवरचा सिरियल नंबर स्क्रीनवरच्या नंबराशी ताडून पाहा. घाईत चांगली डिस्क काढून खराब आत ठेवल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. बसवतानाच दोन्ही डिस्कच्या दर्शनी बाजूला नंबराचे शेवटचे चार आकडे मार्करने मोठे लिहून ठेवले तर ही चूक होत नाही. नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी हवी. १ टीबीचा मिरर पूर्ण भरलेला असेल तर दोन तास तरी धरा, जुन्या कॉम्प्युटरवर अधिक. हे काम इन्व्हर्टरची बॅटरी भरलेली असताना, दुकान बंद झाल्यावर सुरू करा, आणि पूर्ण झाल्यावर दोन्हींपुढे ओके आल्याशिवाय टॅली उघडू नका.